वानरांवर आळ

भटूआबांनी ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तेव्हापासून हेमकांत बापाशी जेवणापुरताच बोलत होता. आबांना त्याचं काही वाटत नव्हतं. केळीचा मळा धाकट्या मुलाच्या, चुनीलालच्या हवाली केल्यापासून त्यांना एकच उद्योग उरला होता, कंपन्यांना धारेवर धरण्याचा. एका छत्रीवाल्या कंपनीनं तर कंटाळून त्यांना दुसरी छत्री पाठवली होती. ती छत्री आबा भर चैत्रातही काखेत मारून पारावर जात, म्हणजे कुणीतरी विचारेल आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगता येईल.

पण या खेपेला कंपनीच्या आधी कलीम अडकला होता. गच्चीवरचं सोलार त्याच्या नंदुरबारच्या दुकानातून आलं होतं. कलीमचा बाप मेहबूब तापीच्या पाण्यात कमरेइतका उभा राहून या घराच्या मोटारी दुरुस्त करायचा, आणि तो गेला तेव्हा आबांनी त्याला खांदा दिला होता. अशा माणसाच्या मुलाविरुद्ध तक्रार करायची हे हेमकांतला पटत नव्हतं. शिवाय निवडणूक तोंडावर होती आणि हेमकांतच्या पत्रकात ‘गावातील पहिले सोलार घर’ असं ठळक अक्षरात छापून झालं होतं. पहिलं सोलार घर पंधरवड्यापासून अर्धमेलं पडलंय हे विरोधकांना कळलं असतं तर त्यांनी त्याचंच पत्रक काढलं असतं.

खरी अडचण मात्र प्रतिभाची होती. ही हेमकांतची बायको. तिनं घराच्या बाजूच्या पत्र्याच्या खोलीत मिरची कांडपाचं मशीन टाकलं होतं. ते दिवसा सोलारवर चालायचं. नुसत्या बिलाच्या विजेवर चालवलं तर सगळी कमाई बिलातच जाते, हे तिनं करून पाहिलं होतं. मसाल्याचा हंगाम पाऊस येईपर्यंतचा, आणि खोलीत लाल मिरचीची पोती भिंतीला टेकून बसलेली. त्यातल्या एका पोत्याची मालकीण शांतीबाई त्या दिवशी सकाळीच दारात उभी राहिली.

“प्रतिभा, मन्ही मिरची पडी पडी जुनी व्हई जाई. प्रकाशा गावना कांडपवर लई जाऊ का?”

“आजना दिन थांब ना मावशी. कंपनीनी माणसं येई ऱ्हायनात.”

“कंपनी काय मन्हा मसाला करी दी?” असं म्हणून शांतीबाई गेली, पण पोतं ठेवून गेली. प्रतिभाला तेवढाही धीर पुरला.

हेमकांत हे सगळं ओट्यावर दात घासत ऐकत होता. त्याच्या मनात वेगळंच होतं. पंचायत समितीचा त्यांचा गण महिलांसाठी राखीव निघाला होता, म्हणजे अर्ज प्रतिभाचा भरायचा आणि बाकी सगळं त्यानं पाहायचं. उमेदवाराच्या हाताला मिरची लागलेली बरी दिसत नाही, असं त्याला पक्षाच्या एकानं सांगितलं होतं.

“कंपनीनं नाही म्हटलं तर मशीन विकून टाकू,” तो चूळ भरून म्हणाला. भाषणाची सवय व्हावी म्हणून तो हल्ली बायकोशी शाळेतलं मराठी बोलायचा. “तसंही तुला आता वेळ मिळणार नाही.”

प्रतिभानं शांतीबाईचं पोतं भिंतीशी नीट लावलं. बोलण्यासारखं तिच्याकडे खूप होतं, पण ते सगळं सासूबाईंपाशी जाऊन अडायचं.

कारण सोलारला काय झालं ते घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात सासूबाई प्रमिलाबाई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या. भिजवून, वाळवून दळलेल्या ज्वारीचा घाटा लसूण, मिरची, तीळ घालून शिजवायचा, ओल्या धोतरावर हातानं थापायचा आणि धोतर गच्चीवर पसरायचं. वाळले की धोतर उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडायचं, म्हणजे बिबडे सुटून येतात. यंदा गच्चीभर सोलारचे पत्रे उभे राहिले आणि प्रमिलाबाईंना धोतर टाकायला जागा उरली नाही. पण पत्रे कंबरेइतक्या उंचीवर, गुळगुळीत, धूळ नाही, ऊन भरपूर. एका दुपारी प्रतिभा वर गेली तर दोन पत्र्यांवर आबांची दोन जुनी धोतरं पसरलेली होती आणि प्रमिलाबाई तांब्यातून पाणी शिंपडत होत्या.

प्रतिभा तशीच मागे फिरली. हेमकांतनं ‘पुढाऱ्याच्या बायकोनं मिरची कांडायची का’ म्हणून मशीनला नाट लावला होता, तेव्हा याच बाईनं त्याला जेवताना सुनावलं होतं, “मिरची खावाले पुढारीले चालस, कांडाले नही?” त्या एका वाक्यावर प्रतिभाचं मशीन उभं राहिलं होतं. आता त्याच सासूबाईंना चारचौघांत गुन्हेगार म्हणून उभं करायचं, हे तिच्याच्यानं होईना.

कलीम आला तो मुलीला घेऊनच. अतिका नाशिकला डिप्लोमा करून सोलार कंपनीत लागली होती, आणि या भागातल्या तक्रारी पाहणं तिच्याकडेच आलं होतं. डोक्याला ओढणी, पायात बूट, हातात टॅब. प्रमिलाबाई चुलीवरून हाक मारून म्हणाल्या, “मेहबूबनी नात ना तू? व्हयनी की मोठी. बठ, घाटा शिजी ऱ्हायना. उतरताच थापना पडस, नही तं थंडा व्हई जास.” आज शनिवार, त्यांचा मारुतीचा उपास, तरी त्या सकाळपासून पातेल्यापाशी उभ्या होत्या. गच्चीवर कंपनीची माणसं येणार म्हणून आजच्यापुरत्या बिबड्यांसाठी अंगणात खाटा टाकून घेतल्या होत्या.

ओट्यावर आबा आणि कलीम समोरासमोर बसले. आबांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली.

“हाई देख कलीम,” आबा म्हणाले, “तू मन्हा घरना माणूस. तक्रार तुन्हावर नही, कंपनीवर शे. ग्राहकले सहा हक्क ऱ्हातस.”

“सहा ना काका, साठ लिहा. पन कंपनी पहिले मन्हीच एजन्सी काढी ली ना,” कलीम म्हणाला. “नवापूरले पोल्ट्रीवर एवढं सोलार बसाडं मी. एक तक्रार नही. अन् घरनाच माणूसनी फोन लावा.”

“तं घरना माणूसले चांगला माल देवाना व्हता.”

“माल चांगलाच शे.”

“तं बंद काबरं पडना?”

“कलीमभाऊ, आबा, चहा घ्या,” हेमकांत मध्ये पडला. त्याला दोघांचंही पटत होतं, निवडणूक लढवणाऱ्याला सगळ्यांचंच पटतं. “सरकारची योजना चांगली आहे, कंपनी चांगली आहे, आपणही चांगले आहोत. आपसात मिटवू.”

“सरकारनी योजना शे म्हनीसन बंद पडेल सोलार घरमा ठेवू का?” आबांनी विचारलं.

“तुम्ही विरोधी पक्षासारखं बोलू नका.”

“मी ग्राहकसारखं बोली ऱ्हायनू. ग्राहकले पक्ष नही ऱ्हास.”

अतिका हे ऐकत बसली नाही. ती प्रतिभाला घेऊन जिना चढली.

वर ऊन मी म्हणत होतं. अतिकानं पत्र्यांची ओळ पाहिली. शेवटच्या दोन पत्र्यांच्या काचा बारीक जाळी पडून तडकल्या होत्या. एक पत्रा झाकला गेला किंवा बिघडला की अख्खी ओळ मंदावते, तेच झालं होतं. ती खाली वाकली. चौकटीच्या कडेला पांढरट असं काही वाळून चिकटलं होतं. तिनं ते नखानं खरवडून तळहातावर घेतलं. पापुद्रा, त्यात एक तीळ. नाकाशी नेलं तर लसणाचा वास.

तो वास तिला नवा नव्हता. दर रमजानला या घरातून त्यांच्याकडे बिबड्यांचा डबा यायचा, आणि लहानपणी ती इफ्तारच्या आधी त्यातला एक चोरून खायची. अम्मीनं धपाटा घातला तरी पुढच्या वर्षी पुन्हा खायची. अतिकाला एकदम सगळं समजलं. वापरणाऱ्याची चूक लिहिली तर नवे पत्रे मिळणार नाहीत. लिहिलं नाही तर तिची नोकरी. तिला लागून वर्षही झालं नव्हतं.

तिनं वर पाहिलं. प्रतिभा तिच्या तळहाताकडेच पाहत होती. अतिकानं मूठ मिटली.

“वहिनी,” अतिका शेवटी हळूच म्हणाली, “इथं वानरं येतात का?”

“येतात कधीकधी. वडावरून.”

“जनावरानं नुकसान केलं तर विम्यात बसतं. नवे पत्रे मिळतात.”

शांतीबाईचं पोतं, मशीन, पाऊस येईपर्यंतचे दिवस, प्रतिभाचं सगळं त्या एका वानरावर येऊन थांबलं होतं. तिनं मान हलवली, म्हणजे हो की नाही ते तिलाही कळलं नाही.

खाली येऊन अतिकानं चहाचा कप हातात घेतला आणि कुणाकडेही न पाहता सांगितलं, “काच दोन कारणांनी तडकते. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर, नाही तर वानरानं वगैरे उडी मारली तर. पहिलं कारण असेल तर कंपनी काही देत नाही.”

“वानर,” हेमकांत लगेच म्हणाला. “गावात वानरांचा फार त्रास आहे. माझ्या पत्रकात तो मुद्दाच आहे.”

खरं बोलणं ग्राहकाचं कर्तव्य आहे असं आबा पारावर सांगत. पण विमा हा ग्राहकाचा हक्क होता. त्यांनी कर्तव्य छत्रीखाली ठेवलं. “मी परवा देखं एक वानर,” ते म्हणाले. “भलतं मोठं व्हतं.”

“भलतंच,” कलीमनं दुजोरा दिला. त्यानं या गावात आयुष्यात वानर पाहिलेलं नव्हतं.

असा एका चहात तिघांचा समेट झाला. सकाळी एकमेकांचं तोंड न पाहणारे बापलेक आता वानर कुठून आलं असेल यावर एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. कलीमनं दुसरा चहा मागितला.

“फक्त एक आहे,” अतिका म्हणाली. “मीटर ज्यांच्या नावावर, त्यांचं म्हणणं व्हिडिओत घ्यावं लागतं.”

घर प्रमिलाबाईंच्या नावावर होतं. बाईच्या नावानं खरेदी केली की शुल्कात सूट मिळते म्हणून आबांनी तसं केलं होतं, आणि मग मीटरही त्यांच्याच नावावर आलं. त्यांना चुलीपासून बोलावून आणलं. हाताला घाटा, पदर खोचलेला.

“माय, बठ आठे,” हेमकांत म्हणाला. “म्हनानं, वानर उनात, कुदनात, काच तडकनी. बस.”

“लवकर आटपा,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “घाटा उतराना शे.”

अतिकानं टॅब समोर धरला. लाल ठिपका लागला. “आजी, नाव सांगा, आणि काय झालं ते सांगा.”

प्रमिलाबाईंनी नाव सांगितलं. मग थांबल्या. मघाशी त्या घाटा ढवळत होत्या, पण कान ओट्याकडेच होते. गार पाणी हे शब्द त्यांनी ऐकले होते, आणि तेव्हापासून तांब्यातून शिंपडलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आपल्या हातून घात झाला हे त्यांना आत्ताच कळलं होतं आणि त्याची लाज वाटत होती. त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथं प्रतिभा उभी होती. तिचे डोळे ‘वानर म्हणा, आई’ असं सांगत होते, हे सासूला न कळण्याइतकं नवं नातं राहिलं नव्हतं. सुनेसाठी खोटं बोलायला प्रमिलाबाईंची ना नव्हती. याआधी बोलल्याही होत्या. पण आज शनिवार होता.

“वानर बिबडा खातस,” त्या टॅबला म्हणाल्या, “घालतस नही.”

“माय, काय म्हनी ऱ्हायनी तू?”

“मीच धोतर टाकेल व्हतं त्यावर. पानी बी मीच शिपडं. आज मन्हा मारोतीना उपास शे. त्याना वानरवर मी खोटा आळ टाकू देवाव नही.”

कलीमनं कप खाली ठेवला. “काकी,” तो कळवळून म्हणाला, “नवापूरले एवढ्या पोल्ट्रीवर सोलार शे. तठे कोनी असं करं नही.”

“कोंबडीसले बिबडा घालता येतस नही,” प्रमिलाबाई म्हणाल्या. मग त्या पुरुषांकडे वळल्या. “पन मले कोनी सांगं व्हतं का रे? मन्हं वरनं धाबं तुम्ही सोलारनी भरी टाकं. मी बिबडा कोठे घालू ते कोनी इचारं नही. पानी टाकानं नही, हाई बी कोनी सांगं नही. मले काय माहीत, काच शे का पत्रा शे.”

हेमकांतनं टॅबवर हात ठेवायला पुढे केला, तो आबांनी छत्रीनं अडवला. वानर हातचं गेल्याचं दुःख आबांना झालंच होतं. पण त्याहून जुनी खोड जागी झाली होती.

“थांब. कलीम, तू सूचना कोनले दिध्यात?”

“तुम्हले नही का काका? आठेच, या ओटावर. तुम्ही अन् हेमाभाऊ. चहा लिधा, मी बठ्ठं समजाडं.”

“मी धाबावर कधय जास?”

आबा मुलाकडे वळले.

“हेमकांत, तू?”

“मला वेळ कुठं असतो?”

“म्हनजे जी रोज वर जास, तिले कोनी काहीच सांगं नही.” आबांचा आवाज चढला, आणि या वेळी तो कुणावर चढवायचा ते त्यांना ठरवता येईना. “माहितीना हक्क. अतिका, लिखी ले. ग्राहकले माहिती दिधी नही. मीटर हिना नाववर, धाबं हिनं, अन् माहिती मन्हापाशी. मी बी सांगं नही. मन्हं बी नाव लिखी ले.”

कंपन्यांच्या चुका काढण्यात दिवस घालवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचं नाव तक्रारीत घालावं लागत होतं. प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं.

“चूक मन्ही शे,” कलीम म्हणाला. “सूचना देवानं काम मन्हं व्हतं. कंपनी देवो का न देवो, मन्हा पदरना दोन पत्रा मी दिसू. अब्बा ऱ्हाता तं पहिले काकीले वर लई जाता.” त्याला बापाची आठवण येऊन भरून आलं होतं आणि त्यानं ते लपवलं नाही.

अतिकानं व्हिडिओ बंद केला. तिचा जीव भांड्यात पडला होता. “मी दोन्ही लिहिते,” ती म्हणाली. “पाणी पडलं तेही, आणि सांगितलं नव्हतं तेही. कंपनी काय ठरवेल माहीत नाही. पण ते दोन पत्रे ओळीतून बाजूला काढले तर बाकीचे आत्ता चालू होतात. कांडप चालेल, जरा दमानं.”

प्रतिभानं सासूचा घाट्यानं माखलेला हात धरला. नुसता धरून ठेवला.

“सोड,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “घाटा थंडा व्हई जाई.”

घाटा थापून झाल्यावर अतिका आजींना घेऊन पुन्हा वर गेली. पुरुषांपैकी कुणालाही तिनं बरोबर घेतलं नाही. पत्र्यांची सावली कुठून कुठे फिरते ते दाखवलं, काच धुवायची तर सकाळी गार असताना धुवायची हे सांगितलं, आणि खडूनं गच्चीवर एक लांब रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे धोतर, पलीकडे सोलार.

“हाई रेघ पहिलेच वढी ऱ्हाता तं?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“चुकलंच आजी,” अतिका म्हणाली.

दुपारी कांडप सुरू झालं. पहिलं पोतं शांतीबाईचं. मिरचीचा ठसका अंगणभर पसरला, कलीम शिंकला, आबा शिंकले, आणि शिंकता शिंकता दोघं कंपनीला पाठवायच्या पुढच्या नोटिशीचा मसुदा ठरवू लागले. या नोटिशीवर आता कलीमचीही सही असणार होती.

हेमकांत पत्र्याच्या खोलीच्या दारात आला. नाकाला रुमाल लावून त्यानं मोबाइल काढला. “झालं ना तुझ्या मनासारखं? आता फोटो काढून घे अर्जाला. तू फक्त नाव दे, बाकी मी पाहतो.”

प्रतिभानं लाल झालेले हात झटकले. मशीनच्या वरताण आवाज काढावा लागला. “मायनं बी नावच मीटरवर व्हतं. बाकी तुम्हीच देखी ऱ्हायंतात ना?”

हेमकांतनं मोबाइल खाली केला.

“नाव मन्हं तं मीटिंगले बी मी जासू. समजाडानं ते मले समजाडानं, ओटावर बठीसन तुम्हले नही. अन् मशीन चालू ऱ्हाई. जमस तं सांगा.” तिनं पुढचं घमेलं ओतलं. “नही तं वानरले उभं करा. माय मत दी दी त्याले.”

हेमकांतला हसू आलं, ते त्यानं रुमालात दाबलं. विचार करतो, असं म्हणायला तो तोंड उघडणार इतक्यात अंगणातून प्रमिलाबाई आल्या आणि त्यांनी त्याच्या दोन्ही हातांवर थापलेल्या बिबड्यांचं ओलं धोतर आडवं टाकलं.

“खाटवर ऊन पुरस नही. वर टाकी ये. जपीसन, एक बी बिबडा मोडाले नको.”

पंचायत समितीचा भावी सूत्रधार ओलं धोतर दोन्ही हातांवर तोलत जिना चढला. गच्चीवर तो किती दिवसांनी आला होता ते त्याला आठवेना. समोर सोलारच्या ओळी, मध्ये खडूची रेघ. धोतराचं पाणी त्याच्या कोपरांवरून ठिबकत होतं.

“माय,” त्यानं कठड्यावरून ओरडून विचारलं, “रेघना कोनता बाजूले?”

कांडपाच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, आबांना मारली, कलीमला मारली. मग ते धोतर तसंच हातांवर सांभाळत, एकेक पायरी चाचपत, तो बायकोला विचारायला खाली उतरला.